अकराव्या वर्षीचा आकडा

१ जून १९३२ या एका दिवशी स्कॉटलंडमधल्या जवळजवळ प्रत्येक शाळेत एकच परीक्षा झाली. १९२१ साली जन्मलेली, म्हणजे तेव्हा अकराच्या आसपास असलेली ८७,४९८ मुलं तिला बसली. वेळ पंचेचाळीस मिनिटं. समान आणि विरुद्ध अर्थाचे शब्द, विस्कटलेली वाक्यं जुळवणं, म्हणींचा अर्थ, सांकेतिक लिपी उलगडणं, थोडं अंकगणित, असे प्रश्न. पंधरा वर्षांनी, ४ जून १९४७ रोजी, १९३६ साली जन्मलेल्या ७०,८०५ मुलांना तीच परीक्षा दिली गेली. त्या काळच्या शहाण्यासुरत्या माणसांना एक धास्ती होती: बेताच्या बुद्धीच्या घरांत मुलं जास्त होतात, तेव्हा देशाची सरासरी बुद्धी पिढीगणिक घसरतच असणार. निकाल उलटा लागला, सरासरी थोडी वर गेलेली निघाली. पुढे या कागदांकडे फारसं कुणाचं लक्ष राहिलं नाही आणि गुणांच्या नोंदींच्या वह्या एडिनबरामधल्या एका तळघरात पडून राहिल्या. १९९० च्या दशकात इयन डिअरी आणि लॉरेन्स व्हॉली यांनी त्या शोधून काढल्या, तोवर वह्यांतली एक तुकडी साठीच्या आणि दुसरी पंचाहत्तरीच्या घरात पोचली होती. मेंदूच्या आरोग्यावरचं गेल्या पाऊणशे वर्षांतलं संशोधन वाचायचं तर ते या वह्या हाताशी ठेवून वाचावं असं माझं मत आहे. कारण या क्षेत्रात सर्वांत जास्त घोळ ज्या प्रश्नाने घातला त्याचं उत्तर त्यांत आहे: माणूस मुळात कुठून निघाला होता?

‘साठी बुद्धी नाठी’ हे लोकांचं जुनं निदान. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या मानसशास्त्राने त्याला शास्त्राचा शिक्का दिला. पद्धत सोपी होती. विशीतली, चाळिशीतली आणि सत्तरीतली माणसं एकाच हंगामात तपासायची आणि त्यांच्या सरासऱ्या एका कागदावर मांडायच्या. रेघ विशीपासूनच खाली उतरायची. वॉर्नर शाय यांनी १९५६ साली सिअ‍ॅटलमध्ये हाच उद्योग सुरू केला, पण दर सात वर्षांनी तीच माणसं पुन्हा बोलावली, आणि चित्र पालटलं. शब्दसंग्रहासारख्या क्षमता उतारवयापर्यंत टिकून होत्या, आणि बाकीच्या बऱ्याच क्षमतांत साठीच्या आधी म्हणावी अशी घसरण दिसत नव्हती. अपवाद होता तो कामाच्या वेगाचा, तो लवकर मंदावतो. मग एकाच वेळी तपासलेल्या माणसांत इतका मोठा उतार कुठून यायचा? तो बराचसा पिढ्यांमधल्या अंतरातून यायचा. १९५६ मधला सत्तरीचा माणूस कमी शिकलेला होता, लहानपणी त्याला धड खायला मिळालेलं नव्हतं, कागदावरची परीक्षा ही गोष्टच त्याला परकी होती. पिढीगणिक चाचण्यांचे गुण वाढत जातात हे जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात अनेक देशांच्या आकड्यांवरून दाखवलं. विशीतला नातू आणि सत्तरीतला आजोबा यांच्यातला फरक सगळाच वयाच्या खात्यावर टाकला, की म्हातारपण आहे त्याहून भयंकर दिसतं.

ही पहिली चूक आता कुणी जाणता माणूस करत नाही. दुसरी मात्र आजही रोज होते, आणि वर्तमानपत्राच्या आरोग्य पुरवणीत तर दर रविवारी. कॉफी पिणाऱ्या म्हाताऱ्यांची स्मरणशक्ती चांगली, वाचणाऱ्यांची चांगली, कोडी सोडवणाऱ्यांची चांगली. सबब प्या, वाचा, सोडवा. १९३६ साली जन्मलेल्यांपैकी एडिनबरा आणि आसपासच्या लोदियन परगण्यातल्या १,०९१ जणांना सत्तरीच्या सुमारास पुन्हा तपासलं गेलं, तेव्हा कॉफीचा प्रश्नही विचारलेला होता. कॉफी पिणाऱ्यांचे गुण खरोखरच जास्त आले. मग संशोधकांनी १९४७ ची वही उघडली. प्रत्येकाचा अकराव्या वर्षीचा आकडा आणि घरची सामाजिक स्थिती हिशेबात धरली, तेव्हा कॉफीचा गुण जवळजवळ सगळा विरून गेला. शाळेत असताना जी मुलं चुणचुणीत होती, तीच पुढे बऱ्या नोकरीत गेली आणि कॉफी पिऊ लागली. याहून चकित करणारा निष्कर्ष मेंदूच्या प्रतिमांवरून निघाला. सत्तरीत ज्यांची बुद्धी तल्लख, त्यांच्या मेंदूचं बाह्यपटल जाड असतं असं आढळत होतं आणि त्याचा सरळ अर्थ ‘यांचा मेंदू कमी झिजला’ असा लावला जाई. प्रत्यक्षात या नात्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग अकराव्या वर्षीच्या गुणांनीच उलगडला. म्हणजे जाड पटल हे बहुतांशी न झिजल्याची खूण नव्हतंच, ते मुळापासूनच्या फरकाचं चिन्ह होतं.

म्हणून दोन गोष्टी कायम वेगळ्या ठेवायला हव्यात. विहिरीत पाणी किती होतं हा एक प्रश्न आणि ते किती वेगाने आटतंय हा दुसरा. एप्रिलमध्ये डोकावणाऱ्याला फक्त पाण्याची उंची दिसते. त्यावरून आटण्याचा वेग सांगणारा ज्योतिषी म्हणायचा. १९९८ साली, पहिल्या परीक्षेला बरोबर ६६ वर्षं झाली त्याच तारखेला, अ‍ॅबर्डीनच्या म्युझिक हॉलमध्ये १०१ वृद्धांना जुनीच प्रश्नपत्रिका त्याच सूचना देऊन सोडवायला दिली. सतराव्या-अठराव्या वर्षी नव्हे, सत्त्याहत्तराव्या वर्षी त्यांची सरासरी स्वतःच्या अकराव्या वर्षाच्या सरासरीपेक्षा वर गेलेली होती. आणि वर्गातला क्रम? अकराव्या आणि सत्त्याहत्तराव्या वर्षीच्या गुणांमधला सहसंबंध ०.६३ भरला. लोदियनच्या १९२१ साली जन्मलेल्या तुकडीत एकोणऐंशीव्या वर्षी तो ०.६६ होता, नव्वदीतही ०.५४. मधे एक महायुद्ध, नोकऱ्या, संसार, आजारपणं होऊन गेली, तरी म्हातारपणातल्या फरकांपैकी बराच मोठा भाग शाळकरी वयातच ठरलेला होता. माणसाच्या वागण्याबद्दल इतक्या दीर्घ अंतरावरून इतकं पक्कं भाकीत करणारी दुसरी मोजणी मला तरी माहीत नाही.

आता ‘मेंदू वापरा, नाहीतर गंजेल’ या लाडक्या सल्ल्याकडे वळू. १९३६ साली जन्मलेल्या अ‍ॅबर्डीनकडच्या ४९८ जणांवरचा अभ्यास रॉजर स्टाफ आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडला. यांचेही अकराव्या वर्षीचे गुण उपलब्ध होते, आणि साठीनंतर सुमारे पंधरा वर्षं पुनःपुन्हा चाचण्या झाल्या होत्या. बौद्धिक कामांत रमणाऱ्यांची पातळी खरोखर वरची होती, आयुष्यभरात त्यांनी थोडी कमाईही केली होती. पण घसरणीचा वेग? तो रमणाऱ्यांचा आणि न रमणाऱ्यांचा सारखाच. शिक्षणाबाबतही पुष्कळ देशांतल्या अभ्यासांचा कौल असाच आहे: जास्त शिकलेला माणूस उंचावरून निघतो, उतरतो मात्र इतरांच्याच चालीने. साठीनंतर सराव दिला तर काय होतं याची सर्वांत नेटकी परीक्षा अमेरिकेत २,८३२ वृद्धांचे चिठ्ठ्या टाकून गट पाडून झाली, पहिले निष्कर्ष २००२ साली आले. स्मरणाचा सराव केलेल्यांचं स्मरण सुधारलं, तर्काचा केलेल्यांचा तर्क, वेगाचा केलेल्यांचा वेग. एकाचं तेज दुसऱ्यावर पडलं नाही. ब्रिटनमध्ये ११,४३० जणांनी संगणकावर सहा आठवडे मेंदूचे खेळ खेळून पाहिले. ज्या खेळाचा सराव केला तो खेळ जमू लागला, एवढंच. तरीही या खेळांचा बाजार एवढा फोफावला की ‘लुमॉसिटी’च्या जाहिराती ग्राहकांची दिशाभूल करतात असा ठपका अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ठेवला आणि २०१६ साली कंपनीने २० लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी: त्या अमेरिकी प्रयोगातल्या वेगाच्या सरावाने दहा वर्षांनंतर स्मृतिभ्रंशाचं प्रमाण घटल्याचा दावा २०१७ साली झाला आहे. तो खोटा म्हणता येत नाही, पण इतक्या वर्षांनी, इतक्या गळतीनंतर काढलेल्या आकड्यावर सगळी इमारत उभी करावी असंही वाटत नाही. सुडोकू सोडवण्यात काही वाईट नाही. आनंद मिळतो, तेवढ्यासाठी सोडवावं.

यावर पहिला आक्षेप लगेच येईल: घसरण सारखीच असेल तर शिक्षणाचा उपयोग काय? उपयोग मोठा आहे, कारण परावलंबी होण्याची रेषा सगळ्यांसाठी साधारण एकाच उंचीवर असते. पैशांचा हिशेब, औषधांच्या वेळा, घरचा रस्ता हे ज्या पातळीखाली जमेनासं होतं तिथे उंचावरून निघालेला माणूस उशिरा पोचतो. रॉबर्ट कॅट्झमन यांनी १९८८ साली न्यूयॉर्कमधल्या वृद्धाश्रमातल्या १३७ मृतांच्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात दहा मेंदू कोड्यात टाकणारे होते. आत अल्झायमरच्या खुणा भरपूर, पण ती माणसं जिवंतपणी इतर निरोग्यांइतकीच, किंबहुना जास्त तल्लख होती, आणि त्यांचे मेंदू वजनाला भारी निघाले. यातूनच राखीव साठ्याची कल्पना आली, पुढे यॅकॉव स्टर्न यांनी ती वाढवली. १९९४ च्या त्यांच्या न्यूयॉर्कमधल्या पाहणीत कमी शिकलेल्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका दुप्पट आढळला. साठा म्हणजे कवच मात्र नव्हे. जास्त शिकलेल्यांत रोगाचं निदान झाल्यावर घसरण अधिक वेगाने होते असंही स्टर्न यांनाच दिसलं, कारण तोवर आत पडझड पुष्कळ झालेली असते आणि ती झाकून ठेवणारं सामर्थ्य संपत आलेलं असतं. डेव्हिड स्नोडन यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या ६७८ जोगिणींच्या अभ्यासात तर विशीत मठात येताना त्यांनी लिहिलेली आत्मवृत्तं सापडली. ज्यांची वाक्यं विचारांनी भरगच्च होती त्यांना साठ वर्षांनंतर अल्झायमर क्वचित, विरळ वाक्यं लिहिणाऱ्यांना बराच अधिक. मठातलं खाणंपिणं, दिनक्रम, घर सगळं एक, फरक मठात शिरण्याआधीचा. अकराव्या वर्षीचा आकडा जे सांगतो तेच ही वाक्यं वेगळ्या वाटेने सांगतात.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. सगळं अकराव्या वर्षीच ठरत असेल तर हा दैववादच झाला, फक्त ललाटरेषेच्या जागी बुद्धिगुणांक आला. पण अकरावं वर्ष ही सुरुवात नाही, ती पहिली मोजणी आहे. तिच्याआधी गर्भ, अन्न, आजार, घर आणि काही वर्षांची शाळा येऊन गेलेली असते, आणि तिच्यानंतरही पातळी हलते. नॉर्वेने सक्तीचं शिक्षण सात वर्षांवरून नऊ केलं, आणि ते वेगवेगळ्या नगरपालिकांत वेगवेगळ्या वर्षी लागू झालं. त्यामुळे केवळ जन्मगाव आणि जन्मवर्ष यांमुळे कुणाला जास्त शाळा मिळाली, कुणाला कमी. एकोणिसाव्या वर्षीच्या लष्करी चाचणीत एका वाढीव वर्षामागे सुमारे ३.७ गुण वाढलेले दिसले. सहा लाखांहून जास्त माणसांच्या माहितीचा २०१८ साली घेतलेला एकत्रित धांडोळा एका वर्षाला एक ते पाच गुण देतो. मानसशास्त्राच्या कुठल्याही उपचाराला एवढं मोठं आणि एवढं टिकाऊ यश मिळालेलं नाही. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅममध्ये १९७० च्या दशकाअखेरीपासून नव्याने होणाऱ्या स्मृतिभ्रंशाचं प्रमाण दर दशकाला सुमारे २० टक्क्यांनी घटत गेलं, पण ही घट फक्त किमान शालान्त शिक्षण पूर्ण केलेल्यांत दिसली. दैववादाला याहून चोख उत्तर कुठलं?

उतार बदलता येतच नाही असंही नाही. तो बदलतो, पण सल्लागार बोट दाखवतात तिथे क्वचित. इथे पुरावा निवडताना कठोर व्हावं लागतं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या आयोगाने बहिरेपणापासून प्रदूषणापर्यंत चौदा कारणं मोजली आणि ती सगळी नाहीशी झाली तर ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबेल असा हिशेब मांडला. हा आकडा घोषवाक्य झाला आहे, पण तो धरून चालतो की चौदाही गोष्टी खरोखर कारणं आहेत. काही तर रोगाचीच पूर्वछाया असू शकतात. लंडनच्या सरकारी नोकरांच्या २८ वर्षं चाललेल्या अभ्यासात व्यायाम करणाऱ्यांना स्मृतिभ्रंश कमी असं काही दिसलं नाही. दिसलं ते हे, की ज्यांना पुढे तो झाला त्यांची हालचाल निदानाच्या नऊ वर्षं आधीपासूनच मंदावू लागली होती. रोग आला म्हणून चालणं थांबलं, आपण म्हणणार चालणं थांबलं म्हणून रोग आला. या जाळ्यातून सुटायच्या वाटा तीनच: लहानपणची मोजणी, चिठ्ठ्या टाकून केलेला प्रयोग, किंवा योगायोगाने घडलेला प्रयोग.

या चाळणीतून जे खाली उरतं ते बहुतेक रक्तवाहिन्यांशी निगडित आहे. लोदियनच्या आणि अ‍ॅबर्डीनच्या तुकड्यांत लहानपणचे गुण वजा केल्यावरही धूम्रपानाचा तोटा शिल्लक राहिला. अमेरिकेतल्या ९,३६१ जणांच्या प्रयोगात वरचा रक्तदाब १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवला तेव्हा सौम्य बौद्धिक ऱ्हास १९ टक्क्यांनी घटला, स्मृतिभ्रंशातली घट मात्र निर्विवाद ठरण्याइतकी पक्की नव्हती. ती उणीव चीनच्या खेड्यांनी भरून काढली. ३२६ गावांतल्या सुमारे ३४ हजार लोकांत, निम्म्या गावांतल्या वैद्यकीय पदवी नसलेल्या ग्रामीण आरोग्यसेवकांनी ठरलेल्या पद्धतीने रक्तदाबाची औषधं दिली, आणि चार वर्षांत स्मृतिभ्रंश १५ टक्क्यांनी कमी झाला. कानांचं चित्र धूसर आहे: ९७७ वृद्धांवरच्या श्रवणयंत्रांच्या २०२३ च्या प्रयोगात एकूण फरक पडला नाही, पण आधीच जास्त धोका असलेल्या गटात तीन वर्षांतली घसरण जवळजवळ निम्मी झाली. फिनलंडमधला आहार, व्यायाम, सराव आणि तपासण्या यांचा एकत्रित कार्यक्रम चाचण्यांत उजवा ठरला, फरक बेताचा. आणि मग वेल्समधला योगायोग. नागिणीची लस २ सप्टेंबर १९३३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनाच मोफत मिळाली. एक आठवडा आधी जन्मलेला आणि एक आठवडा नंतर जन्मलेला यांच्यात बुद्धी, शिक्षण, सवयी यांचा फरक असायचं कारण नाही, तरी लस घेतलेल्यांत पुढच्या सात वर्षांत स्मृतिभ्रंश सुमारे एक-पंचमांशाने कमी. हे कसं घडतं ते अजून उलगडलेलं नाही. पण शब्दकोड्यांच्या बाजूने असा एकही निकाल नाही, हे ध्यानात घेण्यासारखं आहे.

तिसरा आक्षेप आपल्याकडचा, आणि रास्त: हे सगळं स्कॉटलंडच्या गोऱ्या, साक्षर, दीर्घायुषी स्वयंसेवकांचं झालं, इथे काय? इथे मोजण्यापासूनच अडचण आहे. स्मृतिभ्रंशाच्या प्रचलित चाचणीत ‘डोळे मिटा’ असं लिहिलेलं वाचून ते करायचं असतं. निरक्षर बाई तिथेच नापास, बुद्धी शाबूत असूनही. हरियाणातल्या बल्लभगढमध्ये १९९० च्या दशकात या चाचणीचं हिंदी रूप बेतलं गेलं, त्यात तपासणारा स्वतः डोळे मिटतो आणि ‘मी करतो तसं करा’ म्हणतो. अशा फेरफारांनंतर झालेल्या राष्ट्रीय पाहणीचा २०२३ चा अंदाज आहे की साठीपुढच्या भारतीयांत ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त, शहरांपेक्षा खेड्यांत जास्त. शाळा कुणाला मिळाली नव्हती याचाच हा नकाशा दिसतो. भाषांबद्दलचा दिलासाही तपासून घ्यावा लागतो. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी हैदराबादच्या ६४८ रुग्णांत दाखवलं की एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंश साडेचार वर्षं उशिरा सुरू झाला, निरक्षरांतही. घरी मराठी, बाजारात हिंदी, कामावर आणखी काही अशा माणसांना हे वाचून बरं वाटणारच. लोदियनमध्येही दुसरी भाषा येणाऱ्यांचे गुण अकराव्या वर्षावरून अपेक्षित होते त्याहून चांगले आले. पण न्यूयॉर्कच्या स्पॅनिशभाषक स्थलांतरितांचा वीसेक वर्षं मागोवा घेतला तेव्हा दोन भाषावाल्यांची सुरुवातीची पातळी वर होती, घसरणीचा वेग आणि रोगाचं प्रमाण मात्र तेच. पुन्हा पातळी, पुन्हा उतार नाही.

आपल्याकडे १९३२ सारख्या वह्या नाहीत. जे आहे ते अकराव्या वर्षाच्याही आधीपासूनचं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत सुरू केलेल्या अभ्यासात बायकांच्या पोषणाची नोंद गरोदरपणातच, आणि त्याही आधी, झाली. ही मुलं नऊ वर्षांची झाल्यावर गरोदरपणात आईच्या रक्तात बी-१२ कमी असलेली आणि भरपूर असलेली अशी दोन्हीकडची मुलं तपासली. आकडे उलट्या क्रमाने म्हणून दाखवणं आणि क्रमाने आकडे जोडत जाणं या कामांत पहिल्या गटातली मुलं मागे पडली. फरक लहान आहे, आणि एका जीवनसत्त्वावर सगळं ढकलण्याची घाई याज्ञिकांच्या गटानेही केलेली नाही. पण या मुलांची नोंद आईच्या पोटापासून आहे, पुढेही ठेवली जाते आहे, आणि ती आता तिशीत आहेत. त्यांच्यातल्या पहिल्यांची साठी २०५५ च्या आसपास येईल. तोवर त्यांचा रक्तदाब कोण मोजणार आहे, हा आजचा प्रश्न आहे.